घरी काय घेतलंत?

सकाळी साडेसहा

श्रावणातली सकाळ. माहुलीचा डोंगर ढगात गेलाय आणि शहापूर तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात पाणी साचलंय. आवारात एक जुना कडुनिंब आहे, त्यावर गुळवेल चढलीय. कडुनिंबावरची गुळवेल जास्त गुणाची, असं इथे सगळेच मानतात. तापाची साथ आली की तिच्या कांड्या कमी होऊ लागतात. आजही एक बाबा कोयता घेऊन झाडाखाली उभे आहेत.

“कोणासाठी नेताय, बाबा?”

“सुनेसाठी. चार दिस झाले, ताप उतरत नाय.”

“थंडी वाजून येतो का?”

“हो, संध्याकाळचा येतो. मग घाम सुटतो.”

“मग वेल राहू द्या जागेवर. सुनेला घेऊन या, आधी रक्त बघू. काढा कुठे पळून जात नाही.”

बाबा जरा विचार करतात, कोयता कमरेला खोचतात आणि घराकडे वळतात.

मी इथली वैद्यकीय अधिकारी. शिक्षण आयुर्वेदाचं, नोकरी सरकारी दवाखान्यातली. गुळवेलीचे गुण मी पाठ्यपुस्तकातून शिकले आणि तिच्या सेवनानंतर यकृत बिघडलेल्या रुग्णांचे अहवालही वाचले. या भागात रानातलं औषध घरोघरी आहे. दवाखाना लांब, एसटी अवेळी आणि आजीचं ज्ञान हाताशी, अशा ठिकाणी लोक झाडपाला वापरणारच. त्यामुळे तो वापरावा की नाही, यावर मी वाद घालत बसत नाही. कोणी, काय, किती आणि किती दिवस घेतलं, हे मला वेळेत कळलं पाहिजे. माझ्या दिवसभराच्या कामाचा मोठा भाग एवढ्यावर अवलंबून असतो.

सकाळी नऊ

ओपीडी सुरू. केसपेपरवर नाव, वय, तक्रार लिहिली की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “घरी काय घेतलंत?”

“काही औषध चालू आहे का?” असं विचारलं तर उत्तर येतं, “नाही.” कारण औषध म्हणजे गोळी, सुई, बाटली. काढा, चूर्ण, चाटण, लेप यांना कोणी औषधात धरत नाही. ते घरचंच. दुसरं म्हणजे, कुठे ना कुठे या लोकांना झाडपाल्यावरून बोलणी बसलेली असतात. एकदा बोलणी बसली की माणूस पुढच्या वेळी गप्प राहतो. म्हणून आवाज चढू न देता विचारायचं आणि उत्तर आल्यावर कपाळाला आठी पडू द्यायची नाही. आमच्या सिस्टरांना आणि आशाताईंना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

आजचे तिसरे रुग्ण आसनगावहून लोकलने रोज कामाला जाणारे एक दादा. थकवा, भूक नाही, लघवी गडद. खालची पापणी ओढली तर डोळे पिवळे.

“घरी काय घेतलंत?”

“काही नाही, मॅडम. फक्त गुळवेलीचा रस. तो तर कोरोनापासून अधूनमधून घेतोच. या वेळी रोज घेतोय, दोनेक महिने झाले असतील.”

“किती घेता?”

“अर्धा ग्लास. उपाशीपोटी.”

कोरोनाच्या काळात गुळवेल घराघरात शिरली. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून लोकांनी ती चहासारखी रोज घेतली. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. यकृताचा जुना, लपलेला आजार किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याची प्रवृत्ती असलेल्यांना धोका जास्त दिसतो. यातून गुळवेल विषारी ठरत नाही. हजारो माणसं ती घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्याला होतं त्याला आपण त्या गटातले आहोत हे आधी माहीत नसतं.

दादांना सांगते, रस आजपासून पूर्ण बंद. यकृताच्या तपासणीसाठी रक्त घेतो, काविळीची इतर कारणंही तपासतो, कारण पावसाळ्यात दूषित पाण्याची कावीळही असतेच. दारूचं विचारते, दुसऱ्या गोळ्यांचं विचारते. ग्लानी आली, उलट्या थांबेनात, झोपेचं तंत्र बिघडून दिवसा झोप आणि रात्री जाग असं झालं, तर उद्याची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात जायचं, हे त्यांच्याकडून परत म्हणवून घेते. केसपेपरवर “गुळवेल रस, अंदाजे १०० मिलि, रोज, २ महिने” असं लिहिते. पुढच्या डॉक्टरांना त्या एका ओळीवरून दिशा मिळेल.

त्यांच्या मागे मधुमेहाच्या एक मावशी. सकाळी हातपाय कापतात, घाम फुटतो. साखरेची गोळी चालू आहे आणि शेजारणीने सांगितलं म्हणून कारलं-गुळवेलीचा रसही. दोन्ही साखर खाली आणतात. एकाच वेळी आणली तर ती गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. नंतर रक्तदाबाचे एक काका. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा महिनाभर रोज पितायत आणि गोळ्या नियमित घेऊनही रक्तदाब चढलेला, पायावर सूज. ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं. दोघांनाही प्रश्न विचारला नसता तर मी गोळीचं प्रमाण बदलून मोकळी झाले असते आणि खरं कारण घरातल्या पातेल्यात राहिलं असतं.

सकाळी साडेदहा

भाताची आवणी नुकतीच संपलीय. महिनाभर चिखलात उभं राहून बायकांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात. एक ताई लंगडत येते. पाऊल सुजलेलं, पाण्याने भरलेले फोड, फोडांच्या मधे काळसर डाग. तसाच काळा ओघळ उजव्या हाताच्या बोटावर आणि डाव्या पापणीवरही सूज.

“बिब्बा लावलास?”

“लावला. आई लावायची, तिला कधी उतला नाही.”

बिब्बा उतणं हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बिब्बा सुईला टोचून दिव्याच्या ज्योतीवर धरला की त्यातून दाट तेल थेंबाथेंबाने गळतं. टाचेच्या भेगेत, काटा मोडला तिथे, चिखल्यांवर ते लावायची जुनी रीत. हे झाड आंबा-काजूच्या कुळातलं. त्याच्या फळाच्या सालीतलं तेल कातडीवर आग पेटवतं आणि एकदा शरीराला त्याचं वावडं जडलं की पुढच्या वेळी थोड्याशा तेलानेही अंग उठतं. ताईने तेलाच्या बोटाने डोळा चोळला असणार, म्हणून पापणी.

पाऊल साबणाच्या पाण्याने धुऊन, मलम लावून, गोळ्या देऊन तिला बसवते. फोड फोडायचे नाहीत, खाजवायचं नाही. मग विचारते, “पोटात घेतला नाहीस ना?” ती मान हलवते, पण सांगते की तिच्या सासऱ्यांनी गेल्या थंडीत सांधेदुखीवर दुधातून बिब्ब्याचं तेल घेतलं होतं.

आयुर्वेदात बिब्बा म्हणजे भल्लातक हे मोठ्या योग्यतेचं औषध आहे. पण ते तसंच्या तसं कोणी देत नाही. आधी शोधन, म्हणजे फळं विटेच्या पुडीत घासून त्यांचं तेल कमी करायचं, मग मात्रा. उन्हाळ्यात द्यायचं नाही. लहान मुलांना, गरोदर बाईला, पित्तप्रकृतीच्या माणसाला द्यायचं नाही. कायद्यानेही भल्लातकाला आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत घातलंय. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या त्या यादीत धोतरा, गुंज, कुचला, बचनाग, कण्हेर, कळलावी ही आपल्या ओळखीची नावं आहेत आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. घरच्या दिव्यावर तापवलेल्या बिब्ब्याला वेष्टन नसतं. तेल पोटात गेल्यावर मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण भारतात नोंदले गेलेत. ताईला म्हणते, “सासऱ्यांना उद्या आण, लघवी तपासू. आणि उरलेले बिब्बे पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेव.”

दुपारी बारा

आज ९ तारीख. दर महिन्याच्या या दिवशी गरोदर मातांची तपासणी असते. व्हरांडाभर बाया आणि त्यांच्यासोबत आलेल्या सासवा, आया. माझ्या प्रश्नाची सगळ्यात चांगली उत्तरं इथे मिळतात, कारण घरातल्या औषधाच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला असतात.

बाळंत होऊन दोन महिने झालेली एक मुलगी बाळाला घेऊन आलीय. बाळ जास्त झोपतंय, अंगावर नीट ओढत नाही. घरी बाळगुटी चालू. आजी पुढे सरसावून सांगते, “मी माझ्या पाचही पोरांना दिली.” मी विचारते, “कशी उगाळायचात, आजी?” ती लगेच हाताने सहाणेवर गोल फिरवून दाखवते. आईचं दूध घालायचं, हिरडा दोन वेढे, वेखंड एक, मुरडशेंग एक, जायफळाचा अर्धाच. बाळ मोठं होईल तसा वेढा वाढवायचा.

आजीच्या त्या हातात मात्रा होती. तराजू नव्हता, पण हिशोब होता. जायफळाचा अर्धाच वेढा का, हे तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. नातसून मात्र बाजारातली तयार भुकटी चमच्याने देते, “रडला की थोडी जास्त.” त्या पुडीत जायफळ किती आहे, कोणालाच माहीत नाही. जायफळ जास्त झालं तर ग्लानी येते आणि दोन महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत ती हलक्यात घेता येत नाही. वेखंडातल्या एका घटकाबद्दलही आज शास्त्राला शंका आहेत.

बाळाला तपासते. श्वास ठीक, ताप नाही, वजन मात्र वाढलेलं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, मध नाही, गुटीही नाही, हे मी सांगते ते आजीकडे बघून. “आजी, तुमच्या काळी वेढे मोजायला तुम्ही होतात. आता पुडीत कोण मोजणार? सहा महिने तुम्ही पोरीला दूध वाढेल असं खाऊ घाला, बाळाचं मी बघते.” आजी ऐकते. तिचं ज्ञान मोडीत काढलं असतं तर ती घरी जाऊन चमचा भरतीच. बाळाला संध्याकाळपर्यंत इथेच थांबवून सिस्टर दर दोन तासांनी दूध पाजून घेतील.

गरोदर बायांना मी तीन गोष्टी सांगते. पहिल्या तीन महिन्यांत रानातलं काहीही पोटात नको. कोरफडीचा गर किंवा जुलाबाचं कुठलंही मूळ-पान नको. आणि कळा येण्यासाठी कोणी मुळी बांधायला, खायला किंवा आत ठेवायला दिली तर आधी आशाताईला फोन करायचा.

दुपारी दीड

सकाळचे बाबा सुनेला घेऊन आलेत. रक्ताच्या तपासणीत मलेरिया निघाला. गोळ्या सुरू केल्या, पहिली मात्रा समोर बसवून दिली. हा ताप पुष्कळदा एक दिवस उतरून दुसऱ्या दिवशी पुन्हा चढतो. उतरला त्या दिवशी काढ्याचा गुण आला असंच घरच्यांना वाटलं असतं आणि चार दिवस आणखी गेले असते. डेंग्यूत तर हा घोटाळा जास्त महागात पडतो. ताप उतरतो तेव्हाच रक्तातलं पाणी बाहेर झिरपण्याचा धोक्याचा काळ सुरू होतो आणि घरचे पपईच्या पानांच्या रसाने बरं वाटलं म्हणून निवांत झालेले असतात. अशा वेळी रसाने केलेल्या अपायापेक्षा त्याने दिलेल्या खोट्या धीराची मला जास्त भीती वाटते.

डबा खाताना आमचे तरुण औषधनिर्माता म्हणतात, “मॅडम, एवढं सगळं विचारत बसण्यापेक्षा झाडपाला बंदच करा म्हणून सांगू ना.”

मी त्यांना डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्ट सांगते. सर्पगंधा हे आपल्या रानातलं झुडूप. निद्रानाश, उन्माद, साप चावणं अशा कशाकशावर त्याची मुळी वापरात होती. मुंबईच्या या हृदयरोगतज्ज्ञांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना ठरलेल्या प्रमाणात दिली, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. त्यानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं आणि रक्तदाबावरच्या पहिल्या परिणामकारक औषधांत ते गणलं गेलं. पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासी येते हेही ध्यानात आलं, मग मात्रा कमी झाली, नंतर त्याहून चांगली औषधं आली. मुळीचा गुण आणि तिचा अपाय, दोन्ही कळले ते कोणीतरी मोजून दिलं आणि लिहून ठेवलं म्हणून. आपल्या केसपेपरवरची एक ओळ म्हणजे त्याच कामाचा लहानसा तुकडा आहे.

दुपारी तीन

आशाताईंसोबत कातकरीवाडीवर. इथले एक दादा गुळवेल गोळा करून विकतात. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेतून गुळवेलीचा व्यवसाय उभा केलाय. मोठ्या औषध कंपन्यांकडून त्यांना कोटीच्या घरातली मागणी मिळाली, हे २०२१ मध्ये देशभर गाजलं. ज्या समाजाला वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर जावं लागतं, त्याच्यासाठी ही वेल म्हणजे गावात राहून मिळणारी कमाई आहे. तिची बदनामी होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठीही ती नीट ओळखून, नीट वापरली गेली पाहिजे.

दादा मला अंगणातल्या ढिगातून एक कांडी काढून दाखवतात. बोटाएवढी जाड. वरची साल कागदासारखी पातळ, नखाने सोलली की खाली हिरवीगार. सालीवर बारीक उंचवटे आहेत, पण बोट फिरवलं तर ते टोचत नाहीत. दादा कोयत्याने कांडी आडवी छाटतात. आत मध्यापासून कडेपर्यंत आरे गेलेले, चाकाची आकृती उमटते. चीक दुधाळ नाही. वेलीवरून खाली दोऱ्यासारखी हवाई मुळं लोंबतात, पानं हृदयाच्या आकाराची आणि गुळगुळीत. दादा सांगतात, “बुडापासून नाही कापायची. वरची घ्यायची, खाली हातभर ठेवायची. परत फुटते.”

हिच्याच कुळातली टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची जात दिसायला जवळची. तिच्या खोडावर मात्र ठळक गाठीच गाठी असतात, कापल्यावर दुधासारखा चीक येतो, फळ गोल नसून लांबट असतं. ओल्या वेलीत हा फरक दादा चालता चालता ओळखतील. पण वाळवून, तुकडे करून पोत्यात भरली की ओळखायला ना पान उरतं ना फळ. भुकटी झाल्यावर तर प्रयोगशाळेशिवाय मार्ग नाही. रस्त्याच्या कडेच्या टोपलीतून, अनोळखी पुडीतून घेतलेलं औषध म्हणूनच मला नको असतं.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात या दादांसारख्यांचा उल्लेख आहे. गुराखी, मेंढपाळ, वनवासी यांना वनस्पतीचं नाव आणि रूप ठाऊक असतं. पण ती कोणाला, कधी, किती द्यायची हे जाणणारा वेगळा, असं तिथे म्हटलंय. त्यापुढे बजावलंय की न जाणलेलं औषध विषासारखं आणि शस्त्रासारखं, तर नीट जाणलेलं अमृतासारखं असतं. या दोन जाणत्यांची गाठ पडली पाहिजे. दादांनी वेल ओळखावी, मी रुग्ण ओळखावा. आमच्यापैकी एकाला वगळून जो काढा होतो, त्यात घात आहे.

संध्याकाळी साडेपाच

परतताना एका घरी आशाताई थांबवतात. कॉलेजला जाणारा मुलगा, आठवडाभर कावीळ. काल त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. देवडांगरीच्या सुक्या फळाच्या पाण्याचे थेंब नाकात टाकले. रात्रभर नाकातून पिवळं पाणी वाहिलं, सकाळी रक्त. आई समाधानाने सांगते, “कावीळ सगळी बाहेर पडली बघा.”

मुलाला उजेडात आणून तिला डोळे दाखवते. पिवळेपणा तसाच आहे. देवडांगरी नाकाच्या आतल्या नाजूक अस्तराला भाजते, त्यामुळे तिथून पाणी झिरपतं. कावीळ रक्तात आहे, म्हणून ते पाणीही पिवळं दिसतं. यकृताचा आजार नाकावाटे निघत नाही. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आपोआप बरी होते आणि बरं झाल्याचं श्रेय थेंबाला जातं. ज्या थोड्यांची बिघडते त्यांचे मात्र मोलाचे दिवस जातात. आई खट्टू होते. तिच्या पोराच्या काळजीपोटी तिने पायपीट केलीय, पैसे मोजलेत. मी तिचा हात धरून म्हणते, “मावशी, तुम्ही लगेच धावलात हे बरं केलंत. आता तेवढंच धावून उद्या सकाळी रक्त तपासायला या.” नाकातलं रक्त थांबलंय याची खात्री करून निघते.

रात्री साडेआठ

जीप दारात थांबते. साठीच्या एक आई, दुपारपासून उलट्या-जुलाब. नाडी जलद, रक्तदाब खाली, जीभ कोरडी. मुलगा म्हणतो, “शिळं खाल्लं असेल.” सलाइन लावता लावता विचारते, “घरी काय घेतलंत?” कोणी बोलत नाही. आई डोळे मिटून घेतात.

सून मुलाकडे बघते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, “कोणी रागावणार नाही. काय खाल्लं ते कळलं की उपचार लवकर होतील, एवढंच.” सून कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला तुकडा काढते. पांढरट, पिठाळ कंद, सालीवर तपकिरी पापुद्रा, काटकोनात वळलेला, टोक निमुळतं. मी विचारते, “याच्या वेलीला लाल-पिवळं फूल होतं? पाकळ्या वर उलटलेल्या?” सून हो म्हणते. “पानाच्या शेंड्याला वेटोळं होतं?” तेही होतं.

कळलावी. सध्या कुंपणाकुंपणावर फुललीय.

आईंना पायाच्या अंगठ्याचा वात आहे. कोणीतरी सांगितलं, या वातावरची गोळी याच कंदातल्या औषधाची असते, मग गोळीला पैसे कशाला घालवायचे. सांगणाऱ्याचं अर्धं खरं होतं. अंगठा सुजवणाऱ्या त्या आजारावर कोल्चिसिन देतात आणि कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं. पण गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम असतं, तेही मूत्रपिंड बघून, दिवसाचा हिशोब ठेवून द्यायचं. उपचाराची मात्रा आणि जिवावर बेतणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. कंद किती जुना, किती मोठा, त्यात कोल्चिसिन किती, हे कोणालाच सांगता येत नाही. दुपारी आईंनी तो ठेचून, गुळात कालवून खाल्ला.

या विषाचा पहिला टप्पा उलट्या-जुलाबाचा. पुढे रुग्ण थोडा सावरल्यासारखा वाटू शकतो आणि घरचे त्याला परत घेऊन जातात. खरा घात नंतर. कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांत हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा, मूत्रपिंड, हृदय एकेक करून थकू लागतात. वाचलेल्यांचे केस आठवड्या-दोन आठवड्यांत गळतात. त्याच्यावर असा सहज मिळणारा उतारा नाही. अतिदक्षता विभागात शरीराला सांभाळून धरणं हाच उपाय.

१०८ बोलावते. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना फोनवर एका वाक्यात सांगते, “कळलावीचा कंद, दुपारी दोनच्या सुमारास, नमुना सोबत पाठवतेय.” पलीकडून लगेच प्रश्न येतात, खाटेची सोय होते. शिळ्या अन्नाचे जुलाब म्हणून आई गेल्या असत्या तर दोन सलाइन लावून सकाळी घरी आल्या असत्या. मुलाला निक्षून सांगते, “उद्या आईंना बरं वाटलं तरी घरी आणायचं नाही. डॉक्टर सोडतील तेव्हाच.” सुनेला म्हणते, “तुकडा आणलास, फार मोठं काम केलंस.”

रात्री अकरा

रुग्णालयातून फोन येतो. रक्तदाब जरा सुधारलाय, आईंना अतिदक्षता विभागात ठेवलंय. पुढचे तीन दिवस कळीचे. दुपारचं बाळ नीट दूध ओढू लागलंय, सिस्टरांनी आईला पाजायची बैठक शिकवलीय.

नोंदवही पूर्ण करते. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय व्यवस्था आपल्याकडे आहे, तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत. सकाळच्या दादांच्या गुळवेलीचा अर्ज तपासणीचे निकाल आले की तिकडे जाईल. आपण नोंदवलंच नाही तर एक बाजू “नैसर्गिक आहे, अपाय नाही” म्हणत राहते, दुसरी “सगळं थोतांड” म्हणते आणि मधल्या रुग्णाला दोघांचाही उपयोग नसतो.

उद्या आशाताईंची मासिक बैठक आहे. त्यांच्या वहीत लिहून द्यायचे मुद्दे मी काढून ठेवते. स्वतः किंवा जाणत्याने ओली, पाना-फुलासकट ओळखलेली नसेल ती वनस्पती पोटात नाही. बिब्बा, कळलावी, धोतरा, कुचला, रुईचा चीक यांचा घरगुती प्रयोग अजिबात नाही. रुईचा चीक डोळ्यात उडाला तर चूळभर पाण्यावर न भागवता भरपूर पाण्याने डोळा धुवून लगेच दवाखाना. गरोदर बाई, सहा महिन्यांच्या आतलं बाळ, यकृत-मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस आणि रोजच्या गोळ्या चालू असलेला माणूस यांना विचारल्याशिवाय काहीच नाही. ताप, कावीळ, साप-विंचू यांत आधी तपासणी. कुठलाही काढा गुण येवो न येवो, महिनोन्‌महिने चालू ठेवायचा नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, भूक गेली, तर त्याच दिवशी बंद. आणि काही बिघडलंच तर उरलेला पाला, मुळी, कंद, पुडी, बाटली फेकून न देता रुग्णाबरोबर आणायची.

शेवटचा मुद्दा मी मोठ्या अक्षरांत लिहिते, कारण बाकीचे सगळे त्याच्यावर उभे आहेत. घरात कोणी काय घेतलंय हे विचारताना रागवायचं नाही. आजच्या आईंच्या सुनेने तो तुकडा भीतीपोटी पिशवीतच ठेवला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं. झाडपाल्यावर लोकांचा विश्वास आहे, तसाच त्यांचा विश्वास आपल्यावर बसला, की काढ्याचं पातेलं चुलीवर चढण्याआधीच ते आपल्याला विचारायला येतील.